‘सिस्टीम’ प्रोसेस आणि एकदम हँग होणारे सगळे प्रोग्राम

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज १० असलेल्या कॉम्प्युटरवर दिवसातून बऱ्याचदा सगळे प्रोग्राम एकाच वेळी हँग होतात. ब्राउझर, वर्ड, फाइल एक्सप्लोरर, काहीच हलत नाही. माउसचा बाण मात्र फिरतो. अर्ध्या-एक मिनिटाने सगळं एकदम सुरू होतं. त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते, यादीत सर्वांत वर ‘सिस्टीम’ नावाची प्रोसेस असते, पण सीपीयू जेमतेम ५ टक्के. ती प्रोसेस बंद होत नाही. रॅम वाढवून झाली, अँटिव्हायरस काढून झाला. आता फॉरमॅट मारावा का?

एवढ्यात नको. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांतच बरंचसं उत्तर आहे. सगळं एकदम थांबतं, एकदम सुरू होतं आणि मधल्या वेळात सीपीयू रिकामा असतो. म्हणजे कोणी जास्त काम करतंय म्हणून मशीन दमलंय असं नाही. सगळेच कशाची तरी वाट बघत बसलेत. अशा वेळी यादीत वर कोण आहे हे फारसं महत्त्वाचं नसतं. तो कोणासाठी खोळंबलाय हे शोधायचं. रॅम वाढवणं, अँटिव्हायरस काढणं हे इथे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं झालं.

आधी हँग म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो, कारण पुढचा सगळा शोध त्यावर उभा आहे. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीमागे एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधली कामाची एक धार, असतो. क्लिक झालं, कीबोर्डवरचं बटण दाबलं, खिडकी पुन्हा रंगवायची आहे, असे निरोप रांगेत येत राहतात आणि तो थ्रेड ते एकेक करून उचलतो. त्याने ५ सेकंद एकही निरोप उचलला नाही, तर विंडोज त्या खिडकीच्या जागी तिचीच पांढुरकी नक्कल आणून ठेवतं आणि वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पाँडिंग’ लिहितं. हँग झालेली खिडकी तुम्ही इकडेतिकडे सरकवू शकता ती त्यामुळेच. सरकते ती नक्कल. म्हणजे ‘नॉट रिस्पाँडिंग’ हा फक्त घड्याळ बघून काढलेला अंदाज आहे. प्रोग्राम मेलाय, असा त्याचा अर्थ नाही. त्यामुळे लगेच एन्ड टास्क मारून न साठवलेलं काम घालवू नका.

थ्रेड निरोप उचलत नाही याची दोन कारणं असतात. एक तर तो स्वतःच्याच कामात गुंतलाय, नाहीतर दुसऱ्याकडून उत्तर यायची वाट बघतोय. हे ओळखायला टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’ टॅबमध्ये त्या प्रोग्रामचा सीपीयू बघा. ४ लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर आकडा सतत २५ टक्क्यांवर चिकटलाय, किंवा ८ असतील तर १२-१३ वर, तर एक थ्रेड गोल गोल फिरतोय असं समजा. ती त्या प्रोग्रामची किंवा त्यातल्या एखाद्या अ‍ॅड-इनची चूक, आणि ती त्या प्रोग्रामपुरतीच. आकडा शून्य असेल तर तो वाट बघतोय. तुमचा प्रकार हा दुसरा.

आता ‘सिस्टीम’बद्दल. टास्क मॅनेजरमध्ये तिचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, नेहमी ४ असतो. ती कुठली एक्झिक्युटेबल फाइल चालवून सुरू झालेली नसते. विंडोजच्या कर्नलचे (म्हणजे गाभ्याचे) आणि हार्डवेअर चालवणाऱ्या ड्रायव्हरांचे थ्रेड जिथे नोंदवले जातात, ते हे खातं. (पीआयडी ० वाली ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’ वेगळी. ती ९५ टक्के दाखवते म्हणून घाबरलेले लोक बरेच भेटतात. तो आकडा म्हणजे सीपीयू तेवढा मोकळा आहे.)

डिस्कच्या बाबतीत या खात्यावर दुसऱ्यांचाही हिशोब लिहिला जातो. एखादा प्रोग्राम फाइल सेव्ह करतो तेव्हा बहुतेक वेळा तो मजकूर आधी मेमरीतल्या कॅशेमध्ये जातो, आणि नंतर कर्नलचा थ्रेड तो सवडीने डिस्कवर उतरवतो. ते लिहिणं दिसतं ‘सिस्टीम’च्या नावावर. मेमरी कमी पडली की तिच्यातली पानं डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये लिहिली जातात, तीही याच नावावर. म्हणून डिस्कच्या यादीत ‘सिस्टीम’ वर दिसणं हा स्वतःहून काही पुरावा नाही. ते काम मूळ कोणाचं, हे बघावं लागतं.

ते दिसतं रिसोर्स मॉनिटरमध्ये. स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधून उघडा, डिस्क टॅबवर जा आणि तो चालू ठेवूनच नेहमीचं काम करा. हँग झाल्यावर उघडायला गेलात तर तोही उघडणार नाही, कारण त्यालाही डिस्क लागतेच. हँग होईल तेव्हा दोन रकाने बघा. एक फाइलचं नाव, दुसरा ‘रिस्पॉन्स टाइम’. धडधाकट एसएसडीवर हा वेळ एक-दोन मिलिसेकंदांच्या आसपास असतो, फिरत्या हार्ड डिस्कवर दहा-वीस. तिथे अनेक शे किंवा हजारांत आकडे दिसत असतील आणि त्याच वेळी प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला काही केबीच असेल, तर डिस्कवर कामाचा बोजा नाही. डिस्क उत्तरच देत नाहीये. १०० टक्के ‘अ‍ॅक्टिव्ह टाइम’ म्हणजे त्या सगळ्या वेळात निदान एक तरी मागणी पूर्ण न होता पडून होती, एवढंच. भरपूर काम चाललंय असा त्याचा अर्थ लावू नका.

उलट सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाहत असतील तर डिस्क ठणठणीत आहे आणि खरोखर कोणीतरी तिला राबवतंय. मग फाइलच्या नावांवरून तो प्रोग्राम सापडतो. पेजफाइल असेल तर मेमरीचा प्रश्न; मेमरी टॅबमध्ये ‘हार्ड फॉल्ट’चा (पान मेमरीत नसल्याने डिस्कवरून आणावं लागण्याचा) आलेखही उंच दिसेल. पण तुमच्या वर्णनावरून, आणि रॅम वाढवूनही फरक पडला नाही यावरून, मला ही शक्यता कमी वाटते.

पुढची पायरी इव्हेंट व्ह्यूअर. ‘विंडोज लॉग्ज’ खाली ‘सिस्टीम’ निवडा आणि हँग झालेल्या वेळेच्या आसपासच्या नोंदी चाळा. वेळ कागदावर टिपून ठेवलेली असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे, नाहीतर शेकडो नोंदींत भरकटाल. शोधायची ती आयडी १२९ ची नोंद: ‘रिसेट टू डिव्हाइस’ असा मजकूर आणि पुढे ‘रेडपोर्ट’ असं पोर्टचं नाव. तिचा अर्थ असा, की विंडोजने डिस्कला काही मागितलं, ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, म्हणून स्टोरेज ड्रायव्हरने डिव्हाइस रिसेट केलं आणि अडकलेल्या मागण्या पुन्हा पाठवल्या. तुमच्याकडे सगळे प्रोग्राम एकदम जागे होतात त्यामागे बहुतेक हेच आहे. हँग होण्याचा काळ दर वेळी साधारण सारखाच असेल तर संशय आणखी पक्का होतो. खऱ्या कामाचा वेळ कमीजास्त होतो, मुदत संपायला मात्र दर वेळी तेवढाच वेळ लागतो.

१२९ मध्ये पोर्ट कळतं, डिस्क नेमकी कुठली ते कळत नाही. आयडी १५३ ची नोंद सापडली तर तिच्यात डिस्कचा क्रमांक असतो. तो ‘डिस्क मॅनेजमेंट’मधल्या क्रमांकाशी ताडून बघा. आयडी ७ म्हणजे बॅड ब्लॉक, ५१ म्हणजे पेजिंग करताना आलेली अडचण. दोषी डिस्क सी ड्राइव्हचीच असेल असं धरून चालू नका. वर्षानुवर्षं न उघडलेली जुनी दुसरी डिस्क, किंवा सीडी ड्राइव्हसुद्धा, त्याच कंट्रोलरवर (डिस्क सांभाळणाऱ्या चिपवर) असेल तर बाकीच्यांना लटकवू शकते. अशी डिस्क असेल तर ती काढून एक दिवस काम करून बघणं हा सर्वांत स्वस्त प्रयोग.

एक सावधगिरी: लॉग ज्या डिस्कवर लिहिला जातो तीच डिस्क पूर्ण गायब झाली तर नोंद लिहिणार कुठे? म्हणून नोंद सापडणं हा भक्कम पुरावा आहे, पण न सापडण्यावरून डिस्क निर्दोष ठरत नाही.

१२९ किंवा १५३ सापडल्यावर सर्वांत आधी बॅकअप. बाकी सगळं नंतर. मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रामने डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, काढा. साटा डिस्कमध्ये ०५, सी५ आणि सी६ हे तीन गुण बघायचे: बदलून टाकलेले सेक्टर, वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. यांचे कच्चे आकडे (‘रॉ’ रकान्यातले) शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील तर डिस्क बदला. तिच्यावर सखोल चेकडिस्क चालवत रात्रभर बसू नका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचायला लावणं म्हणजे उरलेलं आयुष्यही खर्च करणं, तेसुद्धा बॅकअप घेण्याआधी.

सी७ वेगळा आहे. तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वहनातल्या चुका मोजतो. ०५ आणि सी५ शून्य, पण सी७ वाढतोय, असं दिसलं तर बहुधा केबल सैल किंवा खराब आहे. साटा केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा. हा आकडा केबल बदलल्यावरही मागे येत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा; थांबला असेल तर काम झालं. नवी एसएसडी आणून बसवल्यावरही जुनीच केबल ठेवलेली असते आणि लोक एसएसडीला शिव्या देतात, हे मी फार पाहिलंय.

स्मार्ट स्वच्छ आहे, केबल नवी आहे, तरी १२९ येतंय? मग ऊर्जाबचत आणि ड्रायव्हर. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसची ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करा आणि हार्ड डिस्क झोपवण्याची वेळ ‘नेव्हर’ करा. काही डिस्क आणि कंट्रोलर यांचं झोपेतून उठताना जमत नाही. त्यानंतर एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतला प्रोग्राम), बायोस (मदरबोर्डवरचा तसाच प्रोग्राम) आणि मदरबोर्ड उत्पादकाच्या साइटवरचा स्टोरेज ड्रायव्हर, या क्रमाने अद्ययावत करा. दर बदलानंतर थांबून निरीक्षण करा. तिन्ही एकदम केलेत तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

याच्याही पलीकडे एक जुनं, नोंदवलेलं दुखणं आहे. विंडोज १० सोबत येणारा ‘स्टॉरएएचसीआय’ ड्रायव्हर आणि काही एएचसीआय (साटा डिस्कशी बोलायची पद्धत) कंट्रोलरांचं फर्मवेअर यांचं ‘मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट’ या, काम झाल्याचं कळवायच्या पद्धतीत नीट जमत नाही, मागण्या पूर्ण होत नाहीत आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकते. मायक्रोसॉफ्टने स्वतः हे मान्य करून उपाय दिला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर’ असेल आणि त्याच्या ड्रायव्हर तपशिलात स्टॉरएएचसीआय दिसत असेल, तर रजिस्ट्रीत त्या डिव्हाइसच्या इंटरप्ट सेटिंगखाली ‘एमएसआय सपोर्टेड’ ही किंमत १ वरून ० करून रीस्टार्ट करायचं. रजिस्ट्रीचा बॅकअप न घेता हे करू नका. आणि बायोसमध्ये जाऊन एएचसीआयचं रेड किंवा रेडचं एएचसीआय असा बदल ‘करून तर बघू’ म्हणून कधीही करू नका. विंडोज सुरूच व्हायचं नाही.

तुमच्या लक्षणांवरून उत्तर बहुधा इथेच सापडेल. पण असाच त्रास असणाऱ्या दुसऱ्या कोणाचा लॉग स्वच्छ निघाला, रिस्पॉन्स टाइमही चांगला निघाला, तर शोध वेगळ्या दिशेने जातो आणि मला विचाराल तर तो जास्त रंजक आहे.

रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू टॅबमध्ये हँग झालेली प्रोसेस लाल अक्षरांत दिसते. तिच्यावर राइट क्लिक करून ‘अ‍ॅनालाइझ वेट चेन’ निवडा. ही सोय विंडोज ७ पासून आहे आणि तरी फार थोडे लोक वापरतात. कोण कोणासाठी थांबलंय त्याची साखळी ती काढून देते. साखळीच्या टोकाला जी प्रोसेस असेल तिची चौकशी करायची. वर्ड किंवा एक्सेलच्या टोकाला ‘एसपीएलवाऊ६४’ दिसलं तर प्रकरण प्रिंटरचं आहे. हे प्रोग्राम पान कसं मांडायचं हे डीफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारतात, आणि तो प्रिंटर नेटवर्कवरचा असून बंद असेल तर उत्तर येईपर्यंत ताटकळतात. डीफॉल्ट म्हणून पीडीएफवाला प्रिंटर ठेवून बघा. फाइल उघडायला आधी अर्धं मिनिट घेणारं वर्ड लगेच उघडलं, तर वर्ड दुरुस्त करायची गरजच नव्हती.

साखळी दर वेळी काही दाखवतेच असं नाही. म्हणून हँग नेमकं कोणत्या क्षणी होतं ते बघा. कुठल्याही प्रोग्राममध्ये ‘ओपन’ किंवा ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं की अडकतं, असं असेल तर प्रोग्रामांना सोडून द्या. ती चौकट एक्सप्लोररचीच असते आणि ती उघडताना एक्सप्लोररमध्ये घुसलेली सगळी जोडणी, म्हणजे शेल एक्स्टेन्शन, त्या त्या प्रोग्रामच्या आत लोड होतात. झिपचा प्रोग्राम, क्लाउडवर फाइली ठेवणारा प्रोग्राम, अँटिव्हायरस, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, सगळे आपापलं काहीतरी तिथे चिकटवतात. त्यातलं एक बिघडलं की एकमेकांशी संबंध नसलेले दहा प्रोग्राम एकाच तऱ्हेने हँग होतात आणि माणूस म्हणतो विंडोजच बिघडलंय. निरसॉफ्टचा शेलएक्सव्ह्यू वापरून मायक्रोसॉफ्टची नसलेली एक्स्टेन्शन बंद करा, मग अर्धी चालू करा, त्यातली पुन्हा अर्धी, असं करत गुन्हेगारापर्यंत पोहोचा. त्याआधी मात्र ‘धिस पीसी’मध्ये लाल फुली असलेला, आता अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरकडे बोट दाखवणारा नेटवर्क ड्राइव्ह नाही ना ते बघा. असला तर तो डिस्कनेक्ट करा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

एक अडकलेला प्रोग्राम दुसऱ्या धडधाकट प्रोग्रामांनाही ओढतो, हेही लक्षात असू द्या. विंडोजमध्ये सगळ्या खिडक्यांना एकदम निरोप पाठवता येतो, आणि पाठवणारा प्रत्येकाच्या पोचेसाठी थांबला तर एका बहिऱ्या खिडकीमुळे तोही अडकतो. क्लिपबोर्डचंही तसंच, एका वेळी एकालाच तो उघडता येतो. कॉपी-पेस्ट करतानाच हँग होत असेल तर क्लिपबोर्डवर नजर ठेवणारे प्रोग्राम, रिमोट डेस्कटॉप किंवा व्हर्च्युअल मशीन आधी बंद करून बघा.

‘सिस्टीम’चा सीपीयूच जास्त असेल तर सिसइंटर्नल्सचा प्रोसेस एक्सप्लोरर घ्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, ‘सिस्टीम’च्या प्रॉपर्टीजमध्ये थ्रेड्स टॅब उघडा आणि सीपीयूनुसार लावा. वरच्या थ्रेडपुढे एखाद्या ड्रायव्हरचं फाइलनाव दिसलं तर वायफाय, ऑडिओ की आणखी कोण ते नावावरून कळतं. ‘सिस्टीम इंटरप्ट्स’ हा आकडा बराच काळ दोन-चार टक्क्यांवर राहत असेल तर लेटन्सीमॉन चालवा. कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवून धरतो ते तो सांगतो. त्रास अलीकडेच सुरू झाला असेल तर नव्या ड्रायव्हरपेक्षा ‘रोल बॅक’ आधी करून बघा.

अँटिव्हायरसचं स्कॅन, सर्च इंडेक्सर आणि विंडोज अपडेट फिरत्या हार्ड डिस्कला खरंच रडवतात, पण ते स्वतःच्या नावाने दिसतात आणि काम संपलं की थांबतात. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा. ‘एसव्हीसीहोस्ट’ (विंडोजच्या सर्व्हिस चालवणारी प्रोसेस) दिसला तर त्याच्या आत कुठली सर्व्हिस आहे ते बघा. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून साडेतीन जीबीहून जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिस वेगवेगळ्या होस्टमध्ये चालतात, त्यामुळे हे आता सोपं झालंय. रजिस्ट्री क्लीनर आणि आपोआप ड्रायव्हर बदलणारे प्रोग्राम यांच्या नादी लागू नका. आणि सिस्टीमच्या प्रोसेस एकेक करून मारत बसू नका. ‘सीएसआरएसएस’सारखी विंडोजला अत्यावश्यक प्रोसेस मारली तर थेट निळा स्क्रीन.

फॉरमॅटबद्दल: १२९ सापडलं आणि मूळ डिस्क, केबल किंवा फर्मवेअरमध्ये असलं तर नवं विंडोजही तसंच हँग होईल. सॉफ्टवेअरवर संशय असेल तर आधी क्लीन बूट. ‘सिस्टीम कॉन्फिगरेशन’मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस लपवून बाकीच्या बंद करायच्या, स्टार्टअपमधलंही सगळं बंद करायचं आणि एक दिवस तसंच काम करायचं.

शेवटी एक तपासा. हँग असताना कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघा. त्याचा दिवा चालू-बंद होत असेल तर वरचं सगळं लागू आहे. दिवाही हलत नाही, माउसचा बाणही थिजलाय आणि बटण दाबूनच मशीन बंद करावं लागतंय, असं झालं तर कर्नलच थांबलंय. मग रॅम, तापमान, पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स ड्रायव्हर यांच्या मागे लागा. तशा वेळी लॉगमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल; मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच ती सांगते, का ते सांगत नाही.